चार खुणांचा दोर

“ती गाठ सोड, यशवंत. ती जागा तुझी नाही.”

वाटवे सर हे रागानं बोलले नाहीत. हसत बोलले. पंगतीत चुकून वरच्या पाटावर जाऊन बसलेल्या माणसाला उठवावं तसं.

मगदूम अण्णांच्या गोडाऊनात, हळदीच्या थप्प्यांमधल्या बोळात, नवाकोरा पांढरा दोर पसरला होता. त्यावर अंतरा-अंतरानं लाल चिंध्या बांधलेल्या. हिमाचलात नागडोल जोत म्हणून एक खिंड आहे. तिकडं खिंडीला जोत म्हणतात. वर जायची वाट हिमनदीवरून, आणि त्या बर्फात भेगा असतात, वरून न दिसणाऱ्या. म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या चिंधीपाशी दोर कमरेला बांधायचा. एकजण भेगेत गेला तर बाकीच्यांनी त्याला धरायचं. हे सगळं सरांनीच शिकवलेलं. गाठसुद्धा त्यांनीच.

आम्ही चौघं होतो. सर, मगदूम अण्णांचा मुलगा सन्मती, बँकेतल्या वासंतीताई साने आणि मी. दोरावर चिंध्या चार. मी मोजल्या आणि पहिल्या चिंधीपाशी दोर कमरेला बांधून उभा राहिलो.

“पहिली खूण वाटाड्याची,” सर म्हणाले. “तो तिकडचाच माणूस, पुढं तोच चालणार. मग मी, मग वासंती, शेवटी सन्मती.”

“आनि मी?”

सरांनी सन्मतीकडं बघितलं. सन्मतीनं पोत्यातलं एक हळकुंड काढलं आणि नखानं खरवडायला लागला.

“तू सांगितलं नाहीस त्याला?”

“सांगणार होतो सर. सौद्याच्या गडबडीत राहिलं.”

सर दोरावरून पाय टाकून माझ्याजवळ आले. “हे बघ, समजून घे. पायथ्याच्या मुक्कामापर्यंत वाट लांब आहे आणि ओझं तेव्हाच जास्त असतं. शिधा, रॉकेल, तंबू. तिथं पोचेपर्यंत निम्मं खाऊन संपतं. मग तुझं काम झालं. तिथून तू मेंढपाळांबरोबर खाली उतर, गावात आराम कर. आम्ही जोत ओलांडून पलीकडं उतरू, गाडीनं वळसा घालून तुला घ्यायला येऊ. बसल्या जागी हिमालय बघून होईल तुझा.”

“बघून हुईल,” मी म्हणालो.

“मग? आपल्या सांगलीतल्या किती लोकांनी बघितलाय?”

“येशा, वर बर्फ असतो बाबा,” सन्मती म्हणाला. “कशाला ती जोखीम? तुला बायकापोरं आहेत.”

“तुमचंबी लगीन झालंय की, धाकटे मालक.”

“मला अजून पोरं नाहीत,” तो अगदी मनापासून म्हणाला.

वासंतीताई दोराचं टोक हातात धरून उभ्या होत्या. “सर, मला वाटत होतं आपण चौघं आहोत.”

“चौघंच की. वाटाड्या धरून.”

मी गाठ सोडली. नव्या दोराची गाठ लवकर सुटत नाही, बोटांना झोंबते. तिघंही माझ्या हाताकडं बघत होते. मग सर म्हणाले, “रविवारी दंडोबावर शेवटची तालीम. सगळं सामान वर न्यायचं, तंबू ठोकायचा, स्वयंपाक करायचा. यशवंत, सामान तुझ्याकडंच ठेव.”

“व्हय सर,” मी म्हणालो.

मी हळदीच्या पेठेतला हमाल. चौथीत शाळा सुटली. पण नमुन्याची हळद ज्या रद्दीत बांधून यायची ती रद्दी मी वाचायचो. अर्धी बातमी, फाटलेला अग्रलेख, कुणाच्या तरी प्रवासवर्णनाचं मधलंच पान. असल्याच एका पानावर मी हिमालय पहिल्यांदा वाचला. दोन डोंगरांच्या मधून पलीकडं उतरणाऱ्या माणसांचं वर्णन होतं, आणि पान नेमकं ते वर पोचतात तिथं फाटलं होतं. ते पान मी सन्मतीला दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, “येतोस का? आम्ही जाणार आहोत.” त्यानं विचारलं आणि मी हो म्हणालो, यात तिसरं काहीच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक रविवारी भरलेली पाठपिशवी घेऊन मी दंडोबाचा डोंगर चढलो. सगळ्यांची भांडी, सगळ्यांचं पाणी माझ्या पाठीवर. मला वाटायचं, सवयीचा माणूस म्हणून देतात, पुढं वाटून घेतील. आमच्या हमालांच्या टोळीत मी सगळ्यांना सांगून बसलो होतो की मी जोत ओलांडणार. टोळीनं माझ्या वाट्याचं काम आपसात वाटूनही घेतलं होतं.

आणि दोराचं म्हणाल, तर तो आम्हाला कुणी नव्यानं दाखवायला नको होता.

तेव्हा सांगलीजवळच्या हरिपुरात हळद पेवात ठेवायची रीत होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी. तोंड एका माणसापुरतं, आणि पोटात सबंध व्यापाऱ्याची हळद. बंद राहिलेलं पेव उघडलं की आतली हवा मेलेली असते. घाईनं उतरणारा माणूस आतच बसतो, पुन्हा उठत नाही. म्हणून तोंड उघडून आधी थांबायचं. मग कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस सोडायचा, कमरेला दोर बांधून. वर दोर धरणारा एकच असतो. तो त्या वेळात बिडी ओढत नाही, कुणी हाक मारली तर मान वळवत नाही. माझा दोर मिरजेचा अल्लाबक्ष धरायचा. त्याचा मी धरायचो. टोळीत नवा माणूस आला की त्याचं गाव, जात, वय नंतर. आधी एकच विचारायचं, ह्याचा दोर कोण धरणार? कुणी मी म्हणालं तर तो टोळीचा. नाहीतर त्यानं दुसरीकडं काम बघावं.

घरी आलो तेव्हा हौसा दारात बसून माझी विजार शिवत होती. जुन्या लष्करी ब्लँकेटची. बर्फासाठी.

“शिवू नगं,” मी म्हणालो.

तिनं सुई थांबवली नाही. “का? डोंगुर हलवला का काय तिथनं?”

मी झालं ते सांगितलं. तिनं दोरा दातानं तोडला.

“जल्मभर ट्रकाच्या फळीपतूर जातोस आनि माघारी येतोस. माल जातो म्हैसूर-मद्रासला. तिथंबी तेच करायला एवढ्या लांब जायाचं?”

“तेच म्हनतोय मी.”

“मग न्हाई म्हन.”

“न्हाई म्हटलं तर त्यास्नी काय? दुसरा हमाल बघतील.”

“मग काय करनार?”

“पलीकडं उतरनार.”

“त्यांच्यासंगं?”

“ते रविवारी कळंल.”

हौसानं विजारीची दुसरी तंगडी मांडीवर घेतली. “मग शिवते,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी भोश्याच्या फाट्यावर एस.टी.तून उतरलो. दंडोबा म्हणजे काही हिमालय नव्हे. शाळेतली पोरं सहलीला येतात तिथं. पण आमच्या भागात चढायला दुसरं आहे काय? पायथ्याला चहाची एक टपरी होती. सर आणि सन्मती चहा पीत होते तोवर मी सगळं सामान सोडलं आणि जमिनीवर मांडलं. तंबू एकीकडं. स्टोव्ह आणि तंबूच्या काठ्या एकीकडं. पातेली आणि शिधा. रॉकेलचा डबा आणि दोर. हातानं उचलून, इकडचं तिकडं करून, चारी ढीग सारखे केले.

“हे काय मांडलंयस?” सर म्हणाले.

“वाटं.”

“कसले?”

“मटनाचं घालत्यात तसं. चार मानसं, चार वाटं. ज्यानं त्यानं आपला उचलायचा.”

मटण म्हटल्यावर जैन घरातल्या सन्मतीनं तोंड वाकडं केलं. सर हसले. मी हसत नाही हे त्यांना थोड्या वेळानं दिसलं.

“ही काय चेष्टा आहे, यशवंत?”

“सराव हाय, सर. तालीम म्हनालाव न्हवं तुमी?”

“अरे, पण हे तुझ्याकडं ठरलंय.”

“कुनी ठरवलं? मला सांगा, मी तुमच्यात कोन हाय. हमाल म्हनून नेताय तर हमाली ठरवा. टोळीच्या मुकादमाशी बोला, रीतसर. सोबती म्हनून नेताय तर दोरावर घ्या. हमाली न्हाई आनि दोरबी न्हाई, असा मानूस आमच्या पेठंत नसतो.”

टपरीवाला किटली हातात धरून ऐकत उभा राहिला.

“जिभेला हाड नाही राहिलं तुझ्या,” सन्मती म्हणाला. “येशा, मी अण्णांना सांगेन हां.”

“सांग की, सन्मती.”

धाकटे मालक म्हणालो नाही. त्याच्या ते लगेच ध्यानात आलं, माझ्याही आलं.

“मी टोळीचा मानूस हाय. तुझ्या वडलांच्या पगारावर न्हाई. अण्णांनी टोळी बदलली तर पेठंत त्यांचं पोतं कोन उचलतो ते त्यास्नीच इचार.”

सर मध्ये पडले. त्यांचा आवाज आता वर्गातला झाला होता. “ओझ्याचा प्रश्नच नाही. प्रश्न जबाबदारीचा आहे. वर हवा विरळ असते, श्वास पुरत नाही. बर्फात कसं चालायचं ते तुला माहीत नाही. उद्या काही झालं तर तुझ्या बायकोला मी काय सांगू?”

“बर्फात चालायचं सन्मतीला म्हाईत हाय?”

“त्याचा सराव…”

“त्यानं बर्फ रसवंतीत बघितलाय. उसाच्या रसात.”

टपरीवाला फस्सकन हसला आणि मग उगीच किटली पुसायला लागला. सर लाल झाले.

“राहू दे सगळं खाली,” ते म्हणाले. “दंडोबाच तर आहे. चल सन्मती.”

त्यांनी आपापल्या पिशव्या उचलल्या आणि चालू लागले. चार ढीग तसेच जमिनीवर. मी माझा उचलला. रॉकेलचा डबा आणि दोर. पाठीवर टाकून वळलो तर वासंतीताई वाकून पातेली पिशवीत कोंबत होत्या. त्यांचं वय तेव्हा चाळिशीला आलेलं, चष्मा घामानं सारखा खाली घसरायचा. त्यांनी शिधा वर ठेवला, पट्टे ओढले, उठायला गेल्या आणि मागं बसल्या. मी हात पुढं केला नाही. त्यांनीही मागितला नाही. टपरीच्या खांबाला धरून त्या उठल्या.

“यशवंतराव, चला,” त्या म्हणाल्या. तिघांत मला अहो-जाहो करणाऱ्या त्या एकट्याच.

वाटेत त्या दोनदा थांबल्या. एकदा म्हणाल्या, “इतके दिवस हे तुमच्या पाठीवर होतं?”

“ह्याच्या चौपट.”

“आणि मी वर पोचून फोटो काढत होते.”

ते खरंच होतं.

वर मोठा वारा होता. तंबू खाली टपरीपाशी, म्हणून सगळे देवळापाशी भिंतीच्या आडोशाला बसले. मजा बघा. रॉकेल वर होतं आणि स्टोव्ह खाली. तांदूळ वर होता आणि त्याला शिजवायला काही नाही. सर बिस्किटं खात होते. सन्मती बुटातून खडे काढत होता. मी तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या, त्यावर जरासं रॉकेल ओतून पेटवलं. वासंतीताईंनी डाळतांदूळ धुतले. खिचडी झाल्यावर मी सरांना आणि सन्मतीलाही वाढली. उपाशी माणसाशी भांडायला मजा येत नाही.

सर खात होते तेव्हा वासंतीताई म्हणाल्या, “सर, एक विचारू? शिधा खाऊन संपतो. तंबू संपतो का?”

“म्हणजे?”

“पायथ्याच्या मुक्कामापासून पुढं तंबू आहे, दोर आहे, स्टोव्ह आहे, पलीकडच्या मुक्कामाचं खाणं आहे. आणि चढ तिथंच सगळ्यात जास्त आहे. ते कोण उचलणार?”

सन्मतीनं ताट खाली ठेवलं. खोटं बोलणार नाही, ही गोष्ट माझ्याही डोक्यात आली नव्हती. मी एवढंच बघत होतो की मला दोरावर घेत नाहीत. इतके महिने बेत आखला, नकाशे बघितले, वाटाड्याला पत्रं घातली, आणि ह्या माणसांनी स्वतःच्या पाठीचा विचारच केला नव्हता. ओझं म्हणजे दुसऱ्याच्या पाठीवरची वस्तू, हे त्यांना इतकं सवयीचं झालेलं की जिथं दुसरा माणूस संपतो तिथं ओझंही संपतं असं त्यांनी धरून टाकलं होतं.

सरांनी खिचडी संपवली. हात धुतले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “ठीक आहे, यशवंत. तू जोतेवरून येशील. पलीकडं उतरायचं आमच्याबरोबर. दोरावर पाचवी खूण घालू.”

“बघ,” सन्मती म्हणाला, “झालं ना तुझ्या मनासारखं? उगीच तमाशा केलास.”

मला जे हवं होतं ते माझ्या पुढ्यात ठेवलेलं होतं. हात पुढं केला की झालं. मी विचारलं, “ओझं चौघांत वाटून?”

“तंबू, दोर आणि स्टोव्ह तुझ्याकडं,” सर म्हणाले. “आमच्याकडं आमचे कपडे, अंथरुणं. अरे, तू हमाल आहेस, तुला काय जड?”

हे त्यांनी मला दुखवायला म्हटलं नाही. कौतुकानंच म्हटलं. त्यांच्याजवळ माझ्यासाठी एवढंच कौतुक होतं.

“मग न्हाई,” मी म्हणालो.

“काय नाही?”

“तुमच्यासंगं येत न्हाई. जोत मी वलांडनार. पर तुमच्यासंगं न्हाई.”

“मग कुणाबरोबर?”

“टोळीसंगं.”

सर खरंच हसले. “हमाल घेऊन हिमालयात? आणि तिथं ओझं कुणाचं उचलणार?”

“आमचं,” मी म्हणालो.

डोंगर उतरताना मी रॉकेलचा डबा आणि दोर माझ्याच पाठीवर आणला. माझा वाटा होता तो. खाली टपरीपाशी त्यांच्या सामानात ठेवला आणि एस.टी.ची वाट न बघता मिरजेच्या दिशेनं चालत सुटलो.

मी हे अल्लाबक्षला सांगितलं तेव्हा तो पेवाच्या तोंडाशी बसला होता. कंदील आत सोडलेला, आम्ही त्याच्या उजेडाकडं बघत होतो.

“कुटं जायाचं म्हनतोस?”

“हिमालयात. एका खिंडीतनं पलीकडं.”

“पलीकडं काय हाय?”

“म्हाईत न्हाई. माझं पान फाटलेलं.”

“बर्फ लागतंय म्हन.”

“लई.”

“कुल्फीवाला जावेद माझा साडू हाय. त्याच्या बर्फाच्या लादीवर रोज थोडा थोडा उभा राहीन, सराव हुईल.” मग हसणं थांबवून त्यानं विचारलं, “दोर हाय का तिथं?”

“हाय.”

“तुझा कोन धरनार?”

“तेच इचारायला आलोय.”

“मग इचारतोस कशाला?” तो म्हणाला आणि माझ्या कमरेला दोर बांधायला लागला. कंदील जळत होता.

मी वर आलो तेव्हा तोंडाशी वासंतीताई उभ्या होत्या. बँक सुटल्यावर थेट आलेल्या, खांद्याला पर्स. मी नखशिखांत पिवळा, डोळे लाल, आणि त्या माझ्याशी सरळ बोलायला लागल्या, रस्त्यात भेटल्यासारख्या.

“सरांचा बेत मोडला. मी नाही म्हणाले. दोघांत हिमनदी ओलांडता येत नाही.”

“बरं.”

“तुम्ही जाणार हे खरं आहे?”

“खरं हाय.”

“वाटाड्याला पत्र मी घालीन. तंबू-दोर पुण्याच्या ओळखीच्या मंडळाकडून मिळेल. मला घ्याल का?”

अल्लाबक्ष माझ्याकडं बघत होता. पेवावरचे बाकीचे तिघे-चौघेही कामं थांबवून बघत होते. कुणीतरी मागून म्हणालं, “बाईमानूस. हमालांसंगं. गावात काय बोलत्याल?”

“बोलतील,” ताई म्हणाल्या. “मी लग्न केलं नाही तेव्हापासून बोलतायत. त्यांना सवय आहे.”

“वाटा उचलावा लागंल,” मी म्हणालो.

“दंडोबावर उचलला.”

“तो येक दिस. आता रोज.”

“रोज.”

मी टोळीकडं वळलो. रीत ती रीत. बँकेतली बाई असो नाहीतर कालचा आलेला गडी असो.

“ह्यांचा दोर कोन धरनार?”

वारा होता, हळदीची धूळ उडत होती. ताईंना काय विचारलं जातंय ते कळत नव्हतं, पण कुणाकडं काही मागितलं जातंय एवढं कळलं असावं. त्या चष्मा पुसत उभ्या राहिल्या.

“मी धरतो,” अल्लाबक्ष म्हणाला. “पर बाई, तुमाला माझाबी धरावा लागंल. आनि मी जड हाय.”

“दाखवा कसा धरायचा,” त्या म्हणाल्या आणि पर्स पोत्यावर ठेवली.

त्यांनी तो दिवस मावळेपर्यंत दोर धरला. हात सोलून निघाले. दुसऱ्या दिवशी बँकेत त्या पट्ट्या बांधून नोटा मोजत होत्या, हे हौसानं बघून येऊन सांगितलं. मग तिनं मला न विचारता ब्लँकेटच्या आणखी दोन विजारी शिवल्या.

टोळीतल्या बाकीच्यांनी आमचं काम वाटून घेतलं आणि पुढचे महिने आम्ही तिघं दंडोबा चढलो. आधी पहाटे, मग भर उन्हात, मग पावसात. तीन वाटे, तीन पाठी. सुरुवातीला अल्लाबक्ष आणि मी पुढं निघून जायचो. मग कळलं की पुढं जाऊन काही उपयोग नाही, दोर एकच असतो. ताईंच्या चालीनं चालायला शिकलो. मला हळू चालणं ओझ्यापेक्षा जड गेलं. सर एकदा पेठेत भेटले. मला बघून न बघितल्यासारखं करून रस्ता ओलांडला. मला त्याचं काही वाटलं नाही असं लिहिणार होतो. वाटलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही नागडोलच्या खालच्या गावात पोचलो. गाडीरस्ता संपल्यापासून सगळं सामान आमच्या पाठीवर. डोक्यावर पोत्याची खोळ, एक कोपरा दुसऱ्यात खोचलेली, आम्ही पेठेत घालतो तशी. मान भाजत नाही, पट्टा कापत नाही. ताईंच्याही डोक्यावर खोळ होती आणि तोंड उन्हानं काळवंडलं होतं. त्या ओणव्या चालत होत्या, आमच्यासारख्याच.

वाटाड्या मुसद्दीराम घराच्या कठड्यावर चिलीम ओढत बसला होता. म्हातारा, अंगावर लोकरीचा घोळदार चोळा, कमरेला काळी दोरी गुंडाळलेली. आम्हाला बघून उठला. ओझी कुठं टाकायची ती जागा बोटानं दाखवली. आम्ही टाकली. त्यानं आतून चहा मागवला, आम्हाला जमिनीवर बसायला सांगितलं आणि स्वतः वाटेच्या वळणाकडं बघत उभा राहिला.

चहा झाला. तो बघतच होता.

“साहब लोग कितने पीछे हैं?” त्यानं विचारलं.

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. अल्लाबक्षनं कप खाली ठेवला.

“पीछे कोई नहीं,” मी म्हणालो.

त्याला वाटलं मला हिंदी येत नाही. त्यानं हळू, हातवारे करून पुन्हा विचारलं. साहब. जिनका सामान है. कहाँ?

मी उठलो. पिशवीतून दोर काढला आणि त्याच्या अंगणात सबंध पसरला. लाल चिंध्या मी घरीच बांधल्या होत्या, हौसाच्या जुन्या लुगड्याच्या. चार. मी माझ्या खुणेपाशी दोर कमरेला बांधून उभा राहिलो. ताई आपल्या. अल्लाबक्ष शेवटच्या. पहिली चिंधी मोकळी होती. मी ती उचलून त्याच्यापुढं धरली.

“ये आपका.”

त्यानं चिंधीकडं बघितलं, मग एकेकाकडं. ओझ्यांकडं बघितलं. वळणाकडं शेवटचं एकदा बघितलं. मग चिलीम कठड्यावर ठेवली, दोर हातात घेतला आणि एकदम जोरात हिसका मारला. मी हललो नाही. माझ्या मागचा दोर ताईंनी आणि अल्लाबक्षनं ताणून धरलेला होता.

“किसने सिखाया?” त्यानं विचारलं.

“हमारे यहाँ कुआँ होता है,” अल्लाबक्ष म्हणाला. “हळद का.” म्हाताऱ्याला काही कळलं नाही, पण त्यानं मान हलवली.

जोतेवर पोचलो तेव्हा ऊन नुकतंच बर्फावर आलं होतं. दोन खडकांच्या मध्ये दगडांची एक रास होती, तिच्यावर फाटक्या फडक्यांची निशाणं. छाती फुटेल असं धापत होतो. पेवातून वर आल्यावर असतं तसंच, फक्त उलटं, इथं हवा वरच कमी. मुसद्दीराम राशीपाशी थांबला. त्यानं सवयीनं मागं वळून खाली बोट केलं आणि बोलून गेला, “यहाँ से कुली लोग वापस…”

मग तो थांबला. माझ्या पाठीवरचं ओझं त्यानं बघितलं, कमरेची गाठ बघितली आणि बोट मागं घेतलं.

“चल रे येशा,” मागून अल्लाबक्ष ओरडला, “ताईंचं पाय गारठलं.”

म्हातारा पलीकडं उतरायला लागला. दोर ताणला. मी राशीला वळसा घालून पलीकडं पाय टाकला.